दादाच्या वहाणा

आये, तुला जाऊन चाळीस वर्षं झाली आणि मी तुला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. तुला वाचता येत नव्हतं, आणि मला तू चौथीच्या पुढे शिकू दिलं नाहीस. फिट्टंफाट. आज लिहिते आहे ती बहारीनमध्ये, गुदैबियात, मुलाच्या फ्लॅटमधल्या जेवणाच्या टेबलावर, नातीच्या वहीतलं मधलं पान फाडून. मुलगा नि सून कामावर गेलीत, एसी घरघरतो आहे आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायला माझ्याशिवाय कोणी नाही. नात मघाशी विचारून गेली, "आजी, हू आर यू रायटिंग टू?" म्हटलं, तुझ्या पणजीला. तर म्हणते, "द चप्पल वन?" हो, तीच. एवढ्याशा पोरीलाही तू माहीत आहेस ती वहाणा न देणारी बाई म्हणून. मीच सांगितलंय, शंभरदा.

गोष्ट तुला ठाऊक आहे, तरी माझ्या तोंडून ऐक. मी चौथीत आहे. गुरुजी सगळ्या वर्गाला होडीने समुद्रातला किल्ला दाखवायला नेणार आहेत. वर काटे आहेत, कातळ तापतो, म्हणून ज्याच्या पायात वहाणा असतील त्यानेच यायचं, असं त्यांनी बजावून सांगितलंय. आपल्या घरात वहाणांचा जोड एकच, दादाचा, आणि तोही माळ्यावर फडक्यात गुंडाळून ठेवलेला, कारण दादा पुढे शहरात शिकायला जायचा होता. माझे पाय तर त्याच्याएवढेच होते. मी मागितल्या. तू चुलीपुढे भाकरी उलटत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "किल्ला म्हणजे काय, दगड. दगड बघायचे तर परड्यात जा." मी उलट बोलले. तू फुंकणी उचललीस आणि माझ्या हातावर हाणलीस. तो वळ चार दिवस होता. पुढच्या वर्षी शाळाही सुटली, मुसळ हातात आलं, खलास.

तर मी गेल्या महिन्यात इटलीला जाऊन आले. ऐकलंस? तुझी मुलगी, विमानात बसून, आठ दिवस. आम्ही तिघी गेलो. एक खालच्या मजल्यावरची भाभी, रत्नागिरीकडची. तिची नि माझी गट्टी कुवेतच्या लढाईत जमली, विषारी हवेच्या धास्तीने दोघींनी एकमेकींच्या खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या तेव्हापासून. दुसरी मास्तरीण. जन्मभर इथल्या शाळेत भूगोल शिकवला आणि आता कायमची परत निघाली होती. म्हणाली, मुलांना ज्या गावांची नावं घोकायला लावली ती एकदा डोळ्यांनी बघते, पण एकटीने जायचा धीर नाही. माझा मुलगा म्हणाला, "आई, गुडघ्यांचा विचार कर, तिथे फार चालावं लागतं." मी म्हटलं, "गुडघे माझे आहेत, तुझ्या कंपनीचे नाहीत."

रोममध्ये सगळे दगडच होते, आये. पडके खांब, अर्ध्या भिंती, छप्पर म्हणून नाही. मास्तरीण पुस्तक उघडून वाचते, हे दोन हजार वर्षांचं, ते त्याच्याही आधीचं. भाभी म्हणते, "मग इतकी वर्षं मेल्यांनी डागडुजी का नाही केली?" आणि माझ्या कानात तू. दगड बघायचे तर परड्यात जा. इतका राग आला की मी एकूण एक दगड बघितला. आजूबाजूच्या तरण्या बायका सावलीला बसल्या, मी नाही बसले. तुझ्या नाकावर टिच्चून बघितला एकेक. मास्तरणीला वाटलं मला इतिहासाची गोडी लागली. इतिहास कसला, मी तुझ्याशी भांडत होते.

फ्लॉरेन्सला मोठ्या देवळात गेलो, त्यांच्या देवाच्या. दारात शिपाई होता, उघड्या खांद्यांच्या गोऱ्या पोरींना अडवत होता. मला लुगड्यात बघून त्याने मान लववली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हटलं माणसाला रीत कळते, आपणही पाळावी. त्या दोघी पुढे गेल्या होत्या. मी चपला काढल्या, दाराशेजारी भिंतीला नीट लावल्या, तोंडं बाहेर करून, आणि आत गेले. शिपाई मागून काहीतरी ओरडला. मला वाटलं, शाबासकी देतोय. तासाभराने बाहेर येऊन बघते तर चपला गायब. चोरल्या असत्या तरी मान राहिला असता. शिपायाने खुणेने सांगितलं, झाडूवाल्याने कचरा म्हणून गाडीत टाकल्या. मास्तरीण कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, इथे कोणी काढतं का?" मी म्हटलं, "मग देव कशाला बांधून ठेवलाय आत?"

दुपारचं ऊन, आणि अंगणभर दगडाची फरशी. पाय ठेवला तसा गावचा कातळच आठवला, तोच चटका. भाभी म्हणाली, "तू बस हितं पायरीवर, हलू नको. माझ्या न्हाणीतल्या सपाता आनते." हॉटेल काही जवळ नव्हतं. मास्तरीण चपलांचं दुकान शोधायला दुसऱ्या अंगाला गेली. मी बसले. माणसांचे थवे माझ्या उघड्या पायांकडे बघून पुढे जात होते.

बऱ्याच वेळाने गर्दीतून भाभी येताना दिसली. ती पळत होती. एवढं जडशीळ शरीर, डोक्यावरची ओढणी मागे घसरलेली, एका हाताने झगा उचलून धरलेला, आणि दुसऱ्या हाताने सपाता छातीशी घट्ट. मी उठले आणि खांबाच्या मागे झाले. साठी उलटलेली बाई, काय सुचलं मला कोण जाणे, नुसते पाय आपोआप गेले. तिथून मी तिला बघत राहिले. ती पायरीपाशी थांबली, चहूकडे बघितलं, "अगो ए! अगो!" म्हणून हाका मारल्या. परक्या मुलखात बाईचं तोंड रडवेलं झालं होतं. तेव्हा कुठे मी बाहेर आले.

"कुठं मेली होतीस गो?"

"इथेच होते."

"मग ओ द्यायला तोंडात काय शिरा होता? माझा जीव बघ कसा वर आलाय!"

मी सपाता पायात घातल्या. मास्तरीण आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "डोळ्यांना काय झालं?" म्हटलं, ऊन आहे. व्हेनिसला त्या दोघी होडीत बसून गात फिरल्या. मी होडीत बसले नाही. गुडघ्यांवर ढकललं.

आता गोष्टीतला जो भाग मी नातीला सांगत नाही तो. त्या दिवशी मी अनवाणीच धक्क्यावर गेले होते. गुरुजी म्हणाले, वहाणा नाहीत तर होडीत पाय ठेवायचा नाही. मी वाळत घातलेल्या जाळ्यांच्या मागे जाऊन बसले, वळावर थुंकी लावत. आणि तू टेकाडावरून पळत येतेस. लुगडं एका हाताने वर धरलेलं, कोपरापर्यंत पीठ, आणि दादाच्या वहाणा छातीशी. होडी अजून सुटलेली नाही. तू तीनदा माझं नाव घेऊन हाक मारलीस. गुरुजींना विचारलंस, ते म्हणाले, होती इथेच, घरी गेली असेल. आणि मी जाळ्यांच्या भोकांतून बघते आहे. शोधू दे म्हटलं. थोडी तळमळू दे तिला. होडी गेली. तू त्या वहाणा पदराने पुसल्यास, त्यांना काही लागलेलं नव्हतं तरी, आणि हळूहळू टेकाड चढून गेलीस. संध्याकाळी मी म्हटलं, मी पोचले तेव्हा होडी सुटली होती. तू माझ्याकडे बघितलंस, भाकरी वाढलीस, आणि मरेपर्यंत त्या दिवसाबद्दल एक अक्षर काढलं नाहीस. मीही नाही.

शाळा सोडवलीस ते तुझंच. ते मी माफ करणार नाही, उगाच आशा धरू नकोस. फुंकणीचंही नाही. पण त्या धक्क्यावरचं माझ्या वाटणीचं.

कुकर झाला. हे पान पोस्टात टाकायची सोय नाही, तांदळाच्या डब्याखालच्या कागदाखाली सारते, तिथे सुनेचा हात जात नाही. नातीला काही सांगणार नाही. तिला तू वाईटच आवडतेस, आणि मलाही सोयीचं पडतं. मी दहा पावलांवर होते, आये. नुसती ओ दिली असती तरी तुला ऐकू गेली असती.