सात परसांची एकच विहीर

आबा, तुम्ही गेलात त्याला एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्याशी बोलावं असं मला एकदाही वाटलं नाही, आणि आजही मी मायेनं लिहीत नाही. तुमची ती विहीर परत माझ्या वाटेत आली, म्हणून लिहितेय. 'तुम्ही' म्हणते तेसुद्धा सवयीनं. मनातला मान कधीच गेला.

मी आता कुठं असते ते आधी सांगते, कारण तुम्ही होता तोवर मी फक्त चुलीपुढं असायचे. माझा नवरा बीडला इंजिनिअरिंग कॉलेजात प्रयोगशाळेत मदतनीस होता. तुम्ही चारचौघांत त्याला 'खुर्च्या पुसनारा जावई' म्हणायचात आणि तो हसून पाणी प्यायचा. आठ वर्षांपूर्वी तो गेला. सकाळी डबा घेऊन निघाला, कॉलेजच्या जिन्यात दम लागला म्हणून बसला, तो उठलाच नाही. त्याच्या जागी मला घेतलं. पहिली दोन वर्षं मीही खुर्च्याच पुसल्या, पाण्याचे जार भरले. कॉलेज रद्दीत काढायचं ती पुस्तकं तो घरी आणून ठेवायचा. घरात बोलायला कोणी उरलं नाही तेव्हा मी ती वाचायला घेतली. आधी मराठी, मग शब्दकोश मांडीवर घेऊन इंग्रजी. एखाद्या पानावर त्याच्या चहाचा गोल डाग असायचा. त्या पानावर मी अजूनही जरा थांबते. आज मी कॉलेजच्या एकमेकांना जोडलेल्या आठ मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, भूजलाचं गणित चालवते. सही विभागाच्या मोठ्या सरांची असते.

गणित म्हणजे जमिनीखालचं पाणी कुठून कुठं जातं ते काढायचं. तेलगावपासून माजलगावच्या धरणापर्यंतच्या जमिनीचे बारके बारके तुकडे पाडायचे, त्यांत विहिरी बसवायच्या. प्रत्येक तुकड्यात पाणी किती खोल हे काढायचं असतं. पण तुकड्याचा संबंध फक्त शेजारच्या तुकड्यांशी, लांबच्यांशी नाही. म्हणून जो भला मोठा तक्ता तयार होतो त्यात बहुतेक जागी शून्यच असतं. त्याला विरळ मॅट्रिक्स म्हणतात. ती एका फटक्यात सुटत नाही. एक अंदाज धरायचा, चूक किती उरली ते बघायचं, अंदाज सुधारायचा, परत बघायचं. चूक फेरीगणिक कमी होत गेली पाहिजे. एकाच मशीनवर याला अख्खा दिवस लागतो. आठ मशीनवर वाटून दिलं की तासाभरात होतं.

गेल्या महिन्यात ते आठ मशीनवर अडलं. चूक थोडी खाली यायची, मग तिथंच घुटमळायची, मग वर चढायची. एका मशीनवर तेच गणित व्यवस्थित सुटत होतं. सर केबिनमधून बाहेर आले, पडद्याकडं बघितलंही नाही. शेतकऱ्यांनी भरून दिलेले विहिरींचे फॉर्म टाइप मीच केले होते, म्हणून चूक माझीच असणार, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. "शनिवारपर्यंत चाललं तर चाललं, बाई. नाहीतर मशीन दुसऱ्या कोणाकडं देतो आणि तुम्ही आपले जार बघा."

मी म्हणाले, टायपिंग बरोबर आहे, मशीन जोडणाऱ्या वायरी तपासा. वायरींचं काम चाचांकडं आहे. मूळचे माजलगावचे, पूर्वी विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचे, माझ्या नवऱ्याचे दोस्त. जिन्यातून त्याला उचलून आणणारे तेच. सरांनी त्यांना फैलावर घेतलं. त्या माणसानं तीन दिवस जमिनीवर उकिडवं बसून सगळ्या वायरी उपसल्या, टोकं कापून नव्यानं बसवली. तिसऱ्या दिवशी गुडघे धरून उठले आणि मला म्हणाले, "भाबी, वायर झूट नै बोलती. आदमी बोलता."

मी त्यांच्यासाठी चहा ठेवायला उठले.

आबा, त्या दिवशीचं तुम्हाला आठवत नसेल, तुमच्यासाठी ती रोजचीच गोष्ट होती. मी अकरा वर्षांची. तुम्ही माझ्या दोन्ही भावांच्या नावानं दोन वीजजोडण्या मागितल्या होत्या आणि त्यासाठी कागदावर एका विहिरीच्या दोन केल्या होत्या. पाहणीला वीज मंडळाचा माणूस आला. तुम्ही काठावर कमरेवर हात ठेवून उभे, आणि त्याला सांगताय, ही थोरल्याची, धाकट्याची त्या लिंबाच्या पल्याड. उन्हानं वैतागलेल्या त्या माणसानं मला विचारलं, "विहिरी किती गं तुमच्या?" मी म्हणाले, एकच. वर सात परस खोल आहे हेही सांगितलं. परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाएवढं माप, हे शाळेत नुकतंच शिकवलं होतं, आणि मी दोर सोडून तुमची विहीर मोजली होती. मला वाटलं तुम्हाला कौतुक वाटेल.

तो माणूस गेल्यावर तुम्ही चुलीपाशी आलात. मी भाकरी भाजतेय.

"विहिरी किती?"

"एक."

तुम्ही मारलंत. तवा कलंडला.

"विहिरी किती?"

"दोन."

"हां." मग आईकडं वळून म्हणालात, "लई शानी झाली. उद्यापासून शाळा बंद हिची." आई पीठ मळत राहिली. पुढच्या खेपेला दुसरा माणूस आला, त्यानंही मलाच विचारलं, आणि मी दोन म्हणाले. जोडण्या दोन्ही मिळाल्या. माझी शाळा मात्र पुन्हा सुरू झाली नाही.

शुक्रवारी मी शोधायला बसले. दोन मशीनवर चालवलं, सुटलं. चार मशीनवर, सुटलं. आठवर अडलं. सोडवायची रीत बदलली, तरी आठवर अडलंच. मग प्रत्येक फेरीत सगळ्यात मोठी चूक कुठल्या ओळीत उरते ते छापून घेतलं. दर वेळी त्याच दोन ओळी. एक तिसऱ्या मशीनवरची, एक चौथ्या मशीनवरची. दोन्ही विहिरी, यादीत एकीखाली एक. खोली सात परस, सात परस. पायऱ्या पूर्वेला, पायऱ्या पूर्वेला. थोरल्यानं एका काठावर उभं राहून फोनवर जागा नोंदवली होती आणि धाकट्यानं समोरच्या. तुम्ही मेलात तरी दोघं तुमचा शब्द पाळतात.

प्रोग्राममध्ये सोय असते, की अगदी जवळच्या दोन विहिरी दिसल्या तर एकच धरायची. पण प्रत्येक मशीन फक्त आपल्या वाट्याची यादी बघते. दोन किंवा चार वाटे केले तोवर दोघी एकाच वाट्यात होत्या आणि गुपचूप एक होत होत्या. आठ वाटे केले तेव्हा काप नेमका त्यांच्यामधून गेला. तिसऱ्या मशीनला वाटलं विहीर माझी, चौथ्याला वाटलं माझी. दोघींमधलं अंतर इतकं कमी, की त्यानं भागल्यावर आकडा अवाढव्य फुगला आणि त्यानं सगळ्या पट्ट्याचं गणित नासवलं. मी एक ओळ काढून टाकली. चूक सरसर खाली गेली आणि तासाच्या आत उत्तर आलं.

सरांना कागद दाखवला. त्यांनी दोन्ही ओळी बोट ठेवून पडताळल्या. वाटे पाडल्यावर यादी सगळ्या मशीननी एकत्र तपासायला पाहिजे, हे त्यांनी वहीत लिहून घेतलं. मशीन तुमच्याकडंच राहतील म्हणाले. मग सहज विचारलं, "टाइप करताना तुमच्या लक्षात आलं नाही का, बाई?"

आबा, आलं होतं. दोन्ही फॉर्म हातात आले त्या दुपारी खोलीत कोणी नव्हतं. भावांची नावं होती, सात परस होतं, पायऱ्या होत्या, ज्यांवर मी घागर घेऊन शेकडो वेळा चढले-उतरले. हात थांबले. तुम्हाला मरून एकोणीस वर्षं झालेली, तवा नाही, चूल नाही, माझे केस पांढरे झालेले. तरी कोणीतरी विचारल्यासारखं वाटलं, विहिरी किती, आणि मी दोन टाइप केल्या. गणित अडलं तेव्हा पहिल्या तासातच मला कळलं होतं कुठं बघायचं. तरी मी वायरी तपासा म्हणाले. तीन दिवस एक म्हातारा माणूस फरशीवर बसून तुमचं खोटं शोधत होता, आणि मी त्याला चहा करून देत होते.

याची शिक्षा तुम्हाला व्हावी असं फार वाटतं. पण तुम्ही हाताला लागत नाही. हा कागद नवऱ्याच्या चहाचा डाग असलेल्या पुस्तकाच्या पानात ठेवून देते, तो तरी वाचेल.

सरांना मी नाही म्हणाले. लक्षात नाही आलं, सर. चाचा दारातच होते. जराही अडखळले नाही मी, आणि बोलून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं, की माझे दोन्ही हात कमरेवर होते.