नव्या पोटाचा मदतगट

५ जानेवारी, सकाळी ६.१०
वजन ८४. पोट लहान करायच्या ऑपरेशनआधी १३८. मध्यंतरी एकदा ८१ भरलं होतं, पण तो काटा दवाखान्याचा होता, त्यावर किती विश्वास ठेवायचा. तर चोपन्न किलोंचा एक अख्खा माणूस मी अंगातून काढून टाकला आहे. बायको म्हणते, तो माणूस बरा होता, निदान भाषणं देत नव्हता.
काल टेलरमास्तरांकडे सगळ्या पँटी तिसऱ्यांदा आत घ्यायला दिल्या. कंबर ५४ होती, आता ३८. मास्तरांना बजावून सांगितलं, शिवणीत माया ठेवू नका, जादाचं कापड कापून फेकून द्या. परतीचे दोर कापायचे म्हणजे कापायचे. मास्तर नुसते हूं म्हणाले. ते स्वतः शंभरी कधीच ओलांडून बसलेत, मशिनवर बसले की मशिन दिसत नाही. मला विचारत होते, सर, त्या ऑपरेशननं भूक खरंच जाते का हो? मी म्हणालो, मास्तर, भूक ही मनाची सवय आहे. हे वाक्य मला आपोआप सुचलं. लिहून ठेवतो आहे.
ठराव: ज्यांचं असं ऑपरेशन झालंय, किंवा करावं की नको अशा विचारात जे आहेत, त्यांच्यासाठी मदतगट काढायचा. अध्यक्ष मी. दुसरं आहेच कोण?

९ जानेवारी
ज्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी शिकवतो तिथल्या मालकांनी वर्गाची खोली द्यायचं कबूल केलं. महिन्यातले दोन रविवार, दहा ते अकरा. अट एकच, कोपऱ्यातल्या, शिकवण्यासाठी कापून ठेवलेल्या इंजिनाला कुणी हात लावायचा नाही. खुर्च्या बावीस. कमी पडतील अशी भीती वाटते.
दवाखान्यातल्या आहारताईंना फोन करून फलकावर चिठ्ठी लावायला सांगितलं. कल्पना छान आहे म्हणाल्या. आणि तुम्ही वर्षाच्या तपासणीला का आला नाहीत, असंही विचारलं. गटाच्या कामात बुडालोय म्हटलं.

१९ जानेवारी, दुपारी
पहिली बैठक. उपस्थिती चार. बँकेतल्या कॅशियरबाई (ऑपरेशन होऊन आठ महिने), एक बसड्रायव्हर (पाच महिने), मुलाला कुठल्या नादाला लावताहेत ते बघायला आलेली बसड्रायव्हरची आई, आणि टेलरमास्तर (विचारात).
एक किरकोळ अडचण आली. वर्गातल्या खुर्च्यांना उजव्या हाताला लिहायची फळी पक्की बसवलेली आहे. त्यात कुणीच मावेना. कॅशियरबाईंनी तिरकं होऊन पाहिलं. बसड्रायव्हर कसाबसा बसला, पण उठला तेव्हा खुर्ची त्याच्याबरोबर दारापर्यंत गेली. शेवटी सगळ्यांनी उभ्यानंच बैठक केली. उभं राहिल्यानं चरबी जळते हे मी पटवून दिलं. मी मात्र खुर्चीत बसलो, प्रेरणा म्हणून. पन्नास मिनिटं बोललो. आईंनी विचारलं, बाकीच्यांनी कधी बोलायचं? पण वेळ संपली होती.
घरी बायको म्हणाली, तुम्हाला कळायला नको? आठ वर्षं त्याच खोलीत तुम्ही स्टुलावर बसून शिकवलंत, त्या खुर्चीत मावत नव्हतात म्हणून. मला हे अजिबात आठवत नाही. यालाच प्रगती म्हणतात.

२ फेब्रुवारी
मास्तरांनी दुकानातला लांब बाक टेम्पोत घालून आणला. सगळे त्यावर. मी माझ्या खुर्चीत.
भिंतीवर ‘प्रवेश बंद’च्या चित्राखाली माझी मुद्दाम तशीच ठेवलेली जुनी ५४ ची पँट टांगली. बघणाऱ्यावर परिणाम होतो. बसड्रायव्हरच्या आई म्हणाल्या, पडदा चांगला आहे.
मग कॅशियरबाई बोलल्या. नवं पोट पोळी-भाजीला दोन घासांत दार लावतं, पण चहात बुडवलेल्या बिस्किटाला अडवत नाही. ते विरघळून जातं, कळतही नाही. परवा त्यांनी ऑफिसच्या पँट्रीत अख्खा पुडा संपवला. सांगता सांगता रडल्या. मास्तरांनी गळ्यातली टेप काढून खिशात ठेवली, का कोण जाणे. मी इच्छाशक्तीवर चार शब्द बोललो.
घरी आल्यावर, अध्यक्षाला सदस्यांच्या अडचणी स्वतः ठाऊक असाव्यात म्हणून, प्रयोग केला. सात बिस्किटं. कॅशियरबाईंचं म्हणणं बरोबर आहे.

२३ फेब्रुवारी, सकाळी ६.३०
वजन ८८. हॉलची फरशी उतरती आहे. काटा स्वयंपाकघरात नेला, तिथे साडेसत्त्याऐंशी. काटा आता तिथेच राहील.

१६ मार्च
प्रयोग चालू आहे. एका निरीक्षणावरून काही सिद्ध होत नाही. शिवाय चहा हा द्रव आहे आणि द्रवात विरघळलेला पदार्थ द्रवच असतो. हे शाळेतलं विज्ञान आहे, मी काही पदरचं सांगत नाही.
मास्तरांना ऑपरेशनची तारीख मिळाली, वीस जून. त्यांची बायको नको म्हणते, मुलगी करा म्हणते. बैठक संपल्यावर थांबून म्हणाले, सर, मी तुमच्याकडे बघून ठरवणार. वर्ष-दोन वर्षांनी काय होतं तेवढं खरं सांगा. डॉक्टर सांगतात ते डोक्यावरून जातं. मी दोन्ही हात पसरून उभा राहिलो आणि म्हणालो, बघा की. त्यांनी बघितलं. शिंप्याची नजर वाईट, सरळ कंबरेवर जाते.

६ एप्रिल
इलॅस्टिकच्या दोन रेडीमेड पँटी आणल्या. गाडी शिकवणाऱ्याला पाय मोकळे लागतात. शिवलेल्या पँटी कपाटात ठेवल्या, उगाच झिजायला नकोत. मास्तरांच्या दुकानावरून जायचा रस्ता सध्या बदलला आहे. तिकडे रहदारी फार.

४ मे
कॅशियरबाईंनी बैठकीत वजनकाटा ठेवायची सूचना मांडली. मी विरोध केला. माणूस आकड्यात मावत नाही, असं बोललो. ठराव चार विरुद्ध एक असा मंजूर. बसड्रायव्हरच्या आईंना मताचा हक्कच नव्हता, पण त्यांना सांगणार कोण. सगळ्यांची वजनं मी वहीत लिहिली. आई म्हणाल्या, अध्यक्षांचं राहिलं. मी म्हटलं, लिहिणाऱ्यानं तटस्थ राहायचं असतं.
आहारताईंचा तिसरा फोन. उचलला नाही.

१ जून, दुपारी ३
हे लिहावं की नाही कळत नाही. पण ही वही माझ्याशिवाय कोण वाचणार?
सकाळी खुर्चीत बसताना जरा जोर लावावा लागला. बसलो. अकरा वाजले, सगळे उठले. मी उठलो नाही, कारण उठता येईना. चिंतन करतोय असं दाखवून बैठक वाढवली. श्वासावर बोललो, पाण्यावर बोललो, शेवटी विषय संपले तेव्हा टायरमधल्या हवेवर बोललो. पावणेबाराला एकेक जण निघून गेला. मास्तर तेवढे राहिले. इंजिनाजवळचा स्क्रूड्रायव्हर आणला, हाशहुश करत गुडघ्यांवर बसले आणि फळीचे स्क्रू काढायला लागले. चार होते.
दुसरा स्क्रू काढता काढता, मान वर न करता त्यांनी विचारलं, सर, वीस तारखेला जाऊ का नको?
एरवी मी बाहेर काही काम काढलं असतं. आज कुठे जाणार?
सांगितलं. ८४ होतो, ९९ आहे. पहिलं वर्ष भूक नव्हती, मग ती हळूच परत आली आणि मी कुणाला बोललो नाही. सिंकपाशी उभं राहून, बायको आंघोळीला गेली की, रोज. तपासणीला जात नाही, कारण आहारताई रागावतील याची भीती नाही, त्या रागावणार नाहीत याची आहे. आणि हेही सांगितलं, की ऑपरेशननंतर चौथ्या महिन्यात मी पहिल्यांदा खाली वाकून स्वतःच्या बुटाची नाडी बांधली आणि तिथेच पायरीवर बसून राहिलो, इतका आनंद झाला होता. तेही खोटं नाही. मला रडू आलं. लाज वाटली, पण आलं.
मास्तरांनी चौथा स्क्रू काढला, फळी बाजूला ठेवली. म्हणाले, मग जातो. एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं.
जाताना फळी परत बसवली. मालकांना कळू नये म्हणून.

१३ जुलै, रात्री ९
मास्तर आज ऑपरेशननंतर पहिल्यांदा आले. पातळ पदार्थांवर आहेत, बाटलीतून घोट घोट घेत होते. चेहरा उतरलाय, पण बाकावर बाजूला आणखी एकाला जागा होते.
अध्यक्षपदी कॅशियरबाईंची निवड. विरोधात एक मत. कोणाचं ते बाहेर फुटू द्यायचं नाही असं ठरलं होतं, पण मतदान हात वर करून होतं.
काट्यावर उभा राहिलो. १०१. बसड्रायव्हरच्या आईंनी वहीत लिहिलं, अक्षर मोठं आहे त्यांचं. माझी ५४ ची पँट उतरवून घडी घातली. भिंत रिकामी बरी दिसते.
संध्याकाळी जानेवारीतली एक पँट घेऊन दुकानात गेलो. काही होण्यासारखं नाही हे मला माहीत आहे म्हटलं, कापड तर मीच कापायला लावलं होतं. मास्तरांनी मागची शिवण उसवली. आत सगळं होतं. दोन्ही बाजूंनी दुमडलेलं, इस्त्री केलेलं, चार इंच.
मी चिडलो. बजावून सांगितलं होतं ना, कापून फेकून द्या म्हणून? मास्तर म्हणाले, सगळेच सांगतात, सर. अजून तरी कुणाचं कापलेलं नाही. पुढच्या महिन्यात माझ्या पँटी आत घेईन, त्यातही ठेवणार आहे. मग म्हणाले, मंगळवारी दहाला आहारताईंकडे माझी वेळ आहे, तुमचंही नाव सांगून ठेवलंय.
अर्ध्या तासात पँट झाली. घातली. बसली. साडेतीन इंच लागले, अर्धा उरलाय, असं मास्तर टेप गुंडाळत म्हणाले. तेवढा जपून वापरा.