गरुडाचं पाऊल

२ जानेवारी १९९४
मेधाला आज देवळातच सुनावलं! कच्छहून फरशीचा ट्रक आला. त्यातल्या एका वाळूच्या दगडावर तीन बोटांचं पाऊल आहे — वीतभर, वर उठून आलेलं. देऊळ लक्ष्मीनारायणाचं. मग पाऊल गरुडाचं नाही तर कोणाचं? मी गंध लावलं. तेवढ्यात ही शेजारची इंजिनिअरीणबाई — "वहिनी, हे डायनासोरचं पाऊल! कोट्यवधी वर्षांपूर्वीचं जनावर."
जनावर! नारायणाच्या दारात! म्हटलं, "मी मॅट्रिक आहे, अडाणी नाही. पुण्याचं शहाणपण पुण्यात ठेव."

११ जानेवारी
तिने बडोद्याच्या प्रोफेसरांना पत्र घातलंय. ते २३ला येऊन दगड नेणार. कोणाला विचारलं हिने? हे म्हणतात, "नेऊ दे ना, दगडच तो." सायली गावच्या कारखान्यात दिवसभर बॉयलर बघून यांचाच दगड झालाय.

१४ जानेवारी
संक्रांत. मेधाकडचं हळदीकुंकू नको, वाणही नको.

१८ जानेवारी
देवळाचे पुजारी आबा म्हणाले, "एकदा गाभाऱ्यापुढे सिमेंटात बसला की कोण उपटतो?" लगेच वाल्मिक गवंड्याला बोलावलं. पावलाचं त्याला बोलले नाही — त्याची बायको मेधाकडे भांडी घासते, बातमी फुटली असती. गोणपाटातला दगड दाखवला, घट्ट बसव म्हटलं, आणि मेधाच्या दारात भांडायला गेले. तासभर. तिने देवळाकडे फिरकू नये म्हणून मुद्दामच!
परत आले तर दगड सपाट.
"ताई, मधी उंचवटा होता. लोकांना ठेच लागली असती. टाकीनं तासला."
कपच्यासुद्धा झाडून भरावात टाकल्या होत्या.

१९ जानेवारी
अन्न गेलं नाही. नारायणा, तुझ्यासाठीच करत होते ना?
गरुडाला शेंदूर लावत नाहीत, मला ठाऊक आहे. पण गंधाने झाकेना. तेलात शेंदूर कालवून बोटभर थर दिला. वाल्मिकला शपथ घातली.

२३ जानेवारी
प्रोफेसर आले. मी आडवी उभी राहिले — "देव आहे, खरवडायचा नाही!" सगळी कॉलनी माझ्या बाजूने. म्हातारे प्रोफेसर म्हणाले, "राहू द्या. तिथल्या खाणीत बाकीच्या पावलांची खडी झाली. हे एक तरी यांच्या शेंदराखाली सुखरूप राहील."
मेधा खाली बसली. शेंदरावर दोन्ही तळवे टेकले. "वहिनी, चुकलं माझं. तुम्ही वाचवलंत."
म्हटलं, "नमस्कार कर."
तिने केला. मला करवेना.