दोनदा खोडलेली ओळ

५ फेब्रुवारी २००८

लाल! काल सहाला निघाले तेव्हा माझ्या सगळ्या चाचण्या हिरव्या होत्या. आज सकाळी चालवल्या तर एक पडलेली. कोणी कुठली फाईल कधी बदलली याची संगणकात नोंद राहते. बघितलं — शेजारच्या टेबलावरची श्यामला. सात वाजून दहा मिनिटं. तेव्हा मी घरी कांदा चिरत होते.

माझ्या फाईलमध्ये हिचं काय काम?

तिचा बदल न उघडताच काढून टाकला, माझं होतं तसं परत ठेवलं. हिरवं.

६ फेब्रुवारी

काम तसं साधं. वधूवर मंडळाची साइट. स्थळ सुचवलं की त्या घरी ई-मेल जातो, त्यात मुलीच्या किंवा मुलाच्या पानाचा पत्ता. हे पत्ते तयार करणाऱ्या छोट्या छोट्या मेथड, म्हणजे प्रोग्रॅमचे तुकडे. प्रत्येकीची चाचणी मी लिहायची — अमुक दिलं तर तमुक पत्ता आला पाहिजे. आला तर हिरवं, नाहीतर लाल.

चौदा वर्षं घरी काढून बेचाळिसाव्या वर्षी हे शिकले. मार्चअखेर सहा महिने होतील, मग मालक शंकरअण्णा ठरवणार, मला ठेवायचं की नाही. कोप्पीकर रोडवरचं हे तीन खोल्यांचं ऑफिस सुटलं तर मला दुसरं कोण घेणार?

श्यामला चोवीसची. केलगेरीहून येते. "ऊटा आतेनु, अक्का?" — जेवण झालं का — म्हणत स्वतःचा डबा माझ्यापुढे सरकवते. गोड बोलणाऱ्यांचीच मला भीती वाटते.

८ फेब्रुवारी

परत लाल. तीच चाचणी, तेच नाव! विचारलं नाही. मी विचारायचं आणि तिने हसून वेळ मारून न्यायची — नको. पुन्हा काढून टाकलं.

सगळं हिरवं बघून अण्णांनी दुपारी साइट सुरू केली. पेढे वाटले. श्यामलाने घेतला नाही.

११ फेब्रुवारी

मंडळाच्या रुक्मिणीबाईंचा फोन. अण्णांनी कानापासून वीतभर लांब धरला तरी आम्हाला ऐकू येत होतं. "चाळीस घरी ई-मेल गेले, एक पान उघडेल तर शपथ! लोकांना वाटतंय समोरच्यांनी माहिती काढून घेतली. अळणावरच्यांनी तर 'नकार समजलो' म्हणून कळवलंसुद्धा! त्या मुलीच्या आईला मी काय सांगू?"

अण्णा माझ्याकडे वळले. "पद्मक्का, चाचण्या हिरव्या होत्या ना?"

"होत्या." आणि जीभ आवरली नाही — "पण मी गेल्यावर श्यामला माझी फाईल बदलते."

अण्णांनी तिला आत बोलावलं. दार लावून घेतलं.

१२ फेब्रुवारी

श्यामला आली नाही. टेबल मोकळं. बरं वाटायला हवं होतं.

१४ फेब्रुवारी

पानं अजून उघडत नाहीत. आता तर ती नाही! मग कोण?

शेवटी तिचा बदल उघडला. पहिल्यांदाच.

माझ्या चाचणीत जो पत्ता यायला हवा, तो मी हाताने लिहिलाच नव्हता. त्याच मेथडकडून मागून घेतला, आणि मेथडच्याच उत्तराशी ताडून पाहिला. तिलाच विचारायचं, बाई तू बरोबर ना? ती नाही कशाला म्हणेल!

श्यामलाने एवढंच केलं होतं — पूर्ण पत्ता, साइटच्या नावासकट, हाताने लिहिला होता. मेथड साइटचं नाव देतच नव्हती. पाकिटावर घर नंबर आहे आणि गावच नाही, तसं. म्हणून लाल. ते लाल खरं होतं. खाली तिची ओळ — 'अक्का, ई-मेलमध्ये अर्धाच पत्ता जातोय. तुम्हीच दुरुस्त करा, मी कुणाला बोलले नाही.'

ही ओळ मी दोनदा खोडली.

१५ फेब्रुवारी

ऑफिसातून आल्या आल्या तिला फोन केला. आत अण्णांना काय सांगितलंस?

"चूक माझ्या हातून झाली म्हणून."

का गं?

"तुमचे सहा महिने व्हायचेत, अक्का. मला काय, कुठंही मिळेल."

अण्णा साडेसातपर्यंत ऑफिसात असतात. चप्पल घालते.