‘जातो’ म्हणून निघालेला वीर

१२ जानेवारी

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद.

पार्सल पोचलं. आत निघालं ते असं: यंत्र एक, दोन खुंट्यांचा हातात धरायचा डबा एक, वायरी दोन, आणि कापसासारखं काहीतरी पोतंभर, ते मी उशीत भरलं. वर चढवणाऱ्याला वीस दिले. यंत्रावरची किंमत तू नखाने खरवडलीस, पण खरवडलेलं वाचायला मला चष्मा लागत नाही. हप्त्यावर नाही ना घेतलंस?

खेळाबद्दल फोनवरच सांग म्हणालीस. फोनवर तू नुसतं हं हं करतेस, म्हणून लिहिते. शेजारीण विचारत होती, मुलगी काय करते? म्हटलं, खेळातल्या माणसांना आपल्या भाषेत बोलायला शिकवते. ती म्हणाली, त्याचा पगार देतात? म्हटलं, देतात, आणि वेळेवर देतात.

आता गुणदोष. देवाचं नाव घेऊन सुरुवात केली, तर तुमचा वीर बराच वेळ भिंतीला नाक लावूनच चालत राहिला. उजवी खुंटी मान वळवायची, हे मला कोण सांगणार? पण एकदा घराबाहेर पडला आणि मी खुर्ची पुढे ओढली. वारा आला की अख्खं कुरण एका अंगाला झुकतं. लांबचा डोंगर नुसता चित्रातला नाही, चालत गेलं की खरंच लागतो. आणि वाटेवरच्या देवळीपुढे थांबलं की तिथवरची वाटचाल जपली जाते. हे ज्याला सुचलं त्याला माझा नमस्कार सांग. मी एकही देवळी चुकवत नाही. तुझे बाबा न थांबता पुढे धावतात, आणि काल त्या राक्षसापुढे तीनदा... लिहवत नाही, पडले. जेवणं थंड झाली.

दोषही आहेत. वीर लोकांच्या घरात न विचारता शिरतो आणि मडकी फोडून नाणी घेतो! मी दारात उभी राहिले, कोणी या म्हणेना, तशीच फिरले. त्यामुळे माझा वीर अजून काठी घेऊनच हिंडतो. बाबांचा ढाल-तलवारीने नटलाय, पण सगळं चोरीचं.

आणि वीराला लहानाचं मोठं करणारी ती मावशी. काही नवं दिसलं की मी तिच्या दारी परत जाते. तिचं आपलं एकच: सांभाळून जा. अगं बाई, मी आलेय, निघाले नाही! तिला दुसरं काही बोलायला कुणी शिकवलं नाही का?

बाबा आशीर्वाद सांगतात आणि डबा मागतात. आमची आठवण खेळात हरवू देऊ नये.

तुझी आई

१९ जानेवारी

ती. आईस टिटवीचा सा. न. वि. वि.

यंत्र कंपनीचं आहे, हप्त्याचं नाही. आता ऊन ऊन जेवा. बाबांना सांग, राक्षस डावीकडे वळताना दमतो.

आई, तुझं पत्र मी जागेवरून उठून मोठ्या साहेबांना वाचून दाखवलं. मडक्यांवर ते खूप हसले. पण मावशीपाशी आल्यावर हसू थांबलं. ती मावशी माझी आहे. तिचा शब्दन् शब्द मी लिहिलाय, आणि या खेळात संपूर्ण माझं असं तेवढंच. साहेब म्हणतात, वीर निघाला की तिचं काम संपलं. खेळून पाहणाऱ्यांपैकी एकही माणूस तिच्या दाराशी परतला नाही, तर महिनाअखेर तिला काढून टाकू, निघतानाचं वाक्य दगडावर कोरू. दगडावर, आई!

परतलीस ती फक्त तू. साहेब म्हणाले, तुझी आई आहे म्हणून. मला ते पटत नाही, कारण मावशी मी लिहिलीय हे तुला ठाऊकच नव्हतं. तू का परतलीस आणि बाकीचे का नाही, एवढं मला सांग. माझी मावशी वाचेल ती त्यावरच.

जेवणाची सुट्टी संपली. माया असू दे. जाते.

टिटवी

२५ जानेवारी

चि. टिटवीस आशीर्वाद.

तुझं पत्र ओट्याशी उभ्यानेच वाचलं. मावशीला हात लावायचा नाही म्हणावं.

मी का परतले? डोंगरापलीकडे निळं तळं लागलं. त्यात पाय टाकला की पाणी उजळतं. बघितलं आणि वाटलं, हे कुणाला तरी सांगायला हवं. बाबा भाजीला गेले होते. मग त्या जगात ओळखीचं कोण? ती बिचारी कधी अंगणाबाहेर गेलेली नाही. म्हणून गेले. बाकी काही नाही.

दुसरे का परतत नाहीत, ते मात्र कळेना. म्हणून खेळ पुन्हा पहिल्यापासून लावला. बाबा हळहळले. आणि सुरुवातीलाच सापडलं. तुझा वीर उंबऱ्यावर मावशीला काय म्हणतो? म्हणतो, ‘जातो’. अगं, जातो म्हणून कोणी घरातून निघतं का? आपण कोपऱ्यावर मीठ आणायला निघालो तरी येतो म्हणतो. जो जातो म्हणून गेला तो परत कशाला येईल? खेळणाऱ्याचं काय चुकलं? त्याला वाटतं, संपला संबंध.

आणि हे तुझ्या पेनातून उतरलं तरी कसं, हेही मला दिसलं. तुझ्या पत्राच्या शेवटी बघ काय लिहिलंयस. मी ते खोडून वर दुसरं लिहिलं, आणि मगच पत्र तुझ्या पत्रांच्या डब्यात ठेवलं.

आपला लोभ मडक्यातला नव्हे, कुणी फोडून नेणार नाही.

आई

५ फेब्रुवारी

ती. आईस सा. न. वि. वि.

आई गं! वीराचं मूळ वाक्य दुसऱ्या भाषेतलं होतं, मी शब्दाला शब्द ठेवला आणि पुढे गेले. वर्षभर कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्यासुद्धा.

‘येतो’ करून खेळ नव्या लोकांना दिला. पहिल्या दिवशी कोणी फिरकलं नाही. दुसऱ्या दिवशी एका मुलीने अर्ध्या डोंगरावरून वीराला वळवलं. साहेबांनी विचारलं, परत का चाललीस? ती म्हणाली, येतो म्हणालाय ना. मग आणखी काहीजण वळले. पण दारात मावशी पुन्हा ‘सांभाळून जा’ म्हणाली आणि त्यांची तोंडं उतरली.

साहेब म्हणतात, ठेवू तिला, पण परतलेल्याशी बोलायला एकच वाक्य मिळेल, त्याहून जास्त आवाज भरायला वेळ नाही. मी खूप वाक्यं लिहिली. सगळ्यांत मावशी शहाणपण शिकवते, आणि सगळी मलाच नकोशी वाटतात. तू सांग ना. सोमवारी आवाज भरायचाय.

माया आहेच, उधळून पाठव, इथे काटकसर नको. येते.

टिटवी

८ फेब्रुवारी

चि. टिटवीस आशीर्वाद.

पत्र आजच टाकते, म्हणजे सोमवारच्या आत मिळेल. पोस्टाचं जादा तिकीट तुमच्या साहेबांच्या नावे मांडलंय.

शहाणपण कशाला? लांबून आलेल्याला कोण शिकवायला बसतं? बाबा त्या राक्षसाला हरवून उठले (डावीकडून), तेव्हा मी काय म्हटलं ते आठवून बघितलं. आधी हात धुवा म्हटलं. मग म्हटलं, आत काय होतं? मला खरंच जाणून घ्यायचं होतं. तुझ्या मावशीलाही असणार. ती अंगणातून रोज तोच डोंगर बघते. तेव्हा तिने असं म्हणावं:

‘आलास? तलवार बाहेर ठेव, हातपाय धू, आणि सांग, डोंगरापलीकडे काय आहे रे?’

पुढे वीर काय सांगतो ते ऐकवूच नका. दार लागू दे. आत दिवा दिसू दे. खेळणाऱ्याला कळतं.

बाकी क्षेम. बाबा आता माझ्या काठीवाल्या वीराला घेऊन खेळतात, म्हणतात यात मजा जास्त. आमच्या मायेची उशी भरून ठेवलीय, कापूस तुझ्याच पार्सलातला.

एक विचारायचं राहिलं. पत्राच्या शेवटी येते लिहिलंयस, ते नुसतं पत्र संपवायला, की खरोखर? तुझ्या डोंगरापलीकडे काय आहे, ते मला कुणी अजून सांगितलेलं नाही. उलट टपाली कळव, म्हणजे तसं पान मांडते.

तुझी आई