सीन ७१: दोन भाऊ भेटतात

१ फेब्रुवारी. सकाळी ९.४०
आजपासून सहा महिने बिनपगारी रजा. साहेबांनी विचारलं, कशासाठी? सांगितलं, सिनेमा लिहितोय. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. भारावले असावेत.
नेम: पहाटे पाचला उठणे. रोज चार पानं. महिन्यात एकशेवीस. उरलेले पाच महिने मुलाखती वगैरे.
पाचचा अलार्म वाजलाच नाही. बायको सहाच्या ड्युटीला जाते, ती हॉस्पिटलात एक्स-रे काढते. माझ्याआधी उठून तिनेच बंद केला असणार. घरात कलेची कदर नसली की असंच होतं.

२ फेब्रुवारी
पटकथेच्या कोर्समध्ये शिकवलं होतं: प्रत्येक सीन एका कार्डावर, सगळी कार्डं एका भिंतीवर. आमच्याकडे लांब भिंत एकच, बाबांच्या खोलीत. म्हणून बाबांना हॉलमध्ये सोफ्यावर हलवलं. त्यांच्या पायांत जोर राहिलेला नाही, त्यांना खोली काय आणि हॉल काय. भिंतीवर त्यांच्या दुकानातली सहा जुनी घड्याळं होती. ती उतरवून खोक्यात भरली. टिकटिकीने माझी एकाग्रता भंगते.
बायको बोलली. ते इथे लिहीत नाही.

४ फेब्रुवारी
विषय मिळाला. काखेत कळसा नि गावाला वळसा!
बाबा आणि काका. दोघांचं मिळून घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. एका गिऱ्हाइकाचं घड्याळ बघून बाबांनी सांगितलं, हे आता चालणार नाही. बाबा जेवायला घरी आले, तेवढ्यात काकांनी ते चालू करून गिऱ्हाइकाच्या हातात दिलं. झालं. एकोणीस वर्षं दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत.
सिनेमात शेवटी ते भेटतात. सीन ७१. सगळं थिएटर रडतं. भेट घडवतो कोण, तर मुलगा. मुलगा म्हणजे मी, फक्त उंच.
भांडणाचं कारण तेवढं बदलावं लागेल. घड्याळावरून कोण भांडतं? बाईवरून करतो.

११ फेब्रुवारी
पानं: शून्य. पण फॉन्ट ठरला.
बायको म्हणाली, दहा दिवसांत हेच का? तिला सांगितलं, पाया मजबूत लागतो. ती म्हणाली, पाया दिसत नाही असं ऐकलं होतं, पण इतका?
तिचं वाक्य चांगलं आहे. नायिकेला दिलं.

१९ फेब्रुवारी
काकूंचा फोन. काकांचं हृदय थकलंय, डॉक्टरांनी दोन महिने सांगितलेत. बाबांची सारखी आठवण काढतात म्हणे.
फार हळहळलो. मग लगेच कार्ड केलं: ‘काका आजारी. वेळ कमी.’ हे मला आधी सुचायला हवं होतं. दोन आठवडे माझं घोडं इथेच अडलं होतं. इंटरव्हलनंतर भाऊ भेटायला का धावतात, याला कारणच नव्हतं. काकांनी ते दिलं.
बाबांनी बोलणं ऐकलं होतं. म्हणाले, मला घेऊन चल. काकांचं घर गाडीने चाळीस मिनिटांवर. घरात गाडी चालवणारा मी एकटा. पुढच्या आठवड्यात नक्की, असं सांगितलं.

२६ फेब्रुवारी
पानं: नऊ. बाबांनी दोनदा विचारलं.
इथे खरं लिहायला हरकत नाही. वेळेची अडचण नाही. अडचण अशी की सीन ७१ अजून लिहिलेला नाही. ते दोघं आधीच भेटले तर काय बोलले ते माझ्या कानांवर पडणार आणि मग मला दुसरं काही सुचणार नाही. आधी माझं लिहून होऊ दे, मग त्यांनी खुशाल भेटावं. एकोणीस वर्षं थांबले, त्यात आणखी पंधरा दिवस म्हणजे काहीच नाही.

४ मार्च
बाबा सकाळपासून बूट घालून बसले होते. मी म्हणालो, आज नाही जमणार. ते म्हणाले, असू दे, बूट होते म्हणून घातले.
संध्याकाळी बायकोने ते काढले. पाय सुजले होते.
बुटांचा सीन झाला. दीड पान. सुंदर उतरलाय.

९ मार्च
सीन ७१चा पहिला ड्राफ्ट! काकांचं चार पानी भाषण. मध्ये कुठेही टाळ्यांशिवाय थांबता येणार नाही.
बाबांकडून त्यांच्या ओळी वाचून घेतल्या. ‘माझ्या लहानग्या, या अभागी भावाला क्षमा कर.’ बाबा म्हणाले, मी असं बोलणार नाही. समजावलं की हे तुम्ही नाही, पात्र आहे. ते म्हणाले, मग पात्राला सांग, माझा भाऊ एवढं ऐकून घेणार नाही, मध्येच उठून जाईल. आणि मग म्हणाले, सीन लिहून झाला ना, चल आता.
सांगितलं, हा पहिला ड्राफ्ट आहे. पालथ्या घड्यावर पाणी. बाबांना ड्राफ्ट म्हणजे काय ते कळत नाही.

१६ मार्च. दुपारी १२.१५
काकांनी स्वतः फोन केला. मीच उचलला. दादा आहे का, म्हणाले. मी म्हणालो, झोपलेत.
बाबा समोर जागे होते. पण मी नेमका सीन ६९वर होतो. फोनवरच बोलून मोकळे झाले असते तर ७१ची सगळी हवा गेली असती.
काकांचा आवाज फार बारीक झालाय. मध्येमध्ये दम लागतो. भाषणात तशी टिंबं टाकली.
बाबांनी विचारलं, कोणाचा फोन? म्हणालो, राँग नंबर. त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे बघितलं. हॉलमध्ये घड्याळ नाही, तरी वेळ बघायची त्यांची सवय जात नाही.

२४ मार्च
अठ्ठ्याऐंशी पानं. पूर्ण!
निर्मात्याची वेळ मिळाली, २ एप्रिल. त्यांचा मुख्य धंदा बाथरूमच्या टाइल्सचा, पण मनाने कलावंत.
बाबांना शब्द दिला. ३ एप्रिल, सकाळी दहा, गाडी दारात. बायको म्हणाली, काका ३ एप्रिलपर्यंत थांबणार आहेत असं त्यांनी तुला कळवलंय का?
तिचं हल्ली असंच असतं. नायिकेला नाही दिलं हे.

२ एप्रिल. संध्याकाळी ७.३०
ऐतिहासिक दिवस. चार तास शोरूममध्ये थांबलो, मग निर्मात्यांनी वीस मिनिटं दिली. वॉशबेसिनच्या रांगेत उभा राहून सीन ७१ करून दाखवला, दोन्ही भाऊ मीच. शेवटी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, ठेवून जा, वाचतो.
घरी आलो तर सोफा रिकामा. बूटही नाहीत.
बायकोने अर्ध्या दिवसाची रजा टाकून टॅक्सी केली आणि बाबांना काकांकडे नेलं होतं. दोघं आत्ताच परत आली. आधी वाटलं, चला, सुंठीवाचून खोकला गेला, उद्याचं पेट्रोल वाचलं. मग लक्षात आलं की सीन झाला आणि मी तिथे नव्हतो.
बायकोला विचारलं, काय बोलले? ती म्हणाली, काकांनी बाबांचं मनगट धरून घड्याळ कानाला लावलं. म्हणाले, दादा, मागे पडतंय. बाबा म्हणाले, दोन मिनिटं. काका म्हणाले, काढ.
मी म्हणालो, मग? मग काकांनी बिछान्यावर बसून घड्याळ उघडलं. हात थरथरत होते, म्हणून बाबांनी त्यांचं मनगट खालून धरलं. दीड तास.
मी विचारलं, आणि माफी? नाही. रडलं कोण? टॅक्सीवाला. तो बाबांना उचलून वर घेऊन गेला होता आणि तिथेच दाराशी उभा राहिला होता.
विचारलं, माझा विषय निघाला का?
नाही, म्हणाली.

३ एप्रिल. सकाळी १०
शब्द म्हणजे शब्द. बरोबर दहाला गाडी दारात लावली. बाबांना म्हटलं, चला, पुन्हा जाऊ. या वेळी मी तुम्हाला हात धरून आत आणतो, काका मान वर करतात, तिथून सुरू करू. फोनवर रेकॉर्डही होईल.
बाबा म्हणाले, नको, झालं ते.
पुष्कळ समजावलं. त्यांनी बूट काढून सोफ्याखाली सरकवले.

११ एप्रिल
काका गेले.
मला वाईट वाटलं. स्मशानात सगळ्यांसमोर नाही वाटलं, तिथे मी लोकांचे चेहरे टिपून घेत होतो. घरी आल्यावर हात धुताना वाटलं. दादा आहे का, एवढंच विचारलं होतं त्यांनी. मी नळ सोडून उभा राहिलो. बायको बाहेरून म्हणाली, पाणी जातंय.
बाबांचं घड्याळ आता दोन मिनिटंसुद्धा मागे पडत नाही. ते कानाशी धरून बसतात. यावर एक कार्ड होईल, पण भिंतीवर जागा नाही. ७१मध्ये चार पानांचं भाषण आहे.

२० एप्रिल. दुपारी ४
निर्मात्यांचा फोन! वाचलं त्यांनी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. दोन भाऊ आवडले. पण दोन बदल सुचवलेत.
पहिला: बाई काढा. दोन घड्याळजी बाईवरून एकोणीस वर्षं अबोला धरणार नाहीत, घड्याळावरून धरतील.
दुसरा: मुलगा काढा.
मी म्हणालो, अहो, मुलगा म्हणजे सिनेमाचा आत्मा, तोच तर भेट घडवतो. ते म्हणाले, मलाही आधी तसंच वाटलं. मग परत वाचलं. तो मध्येमध्ये करतो हो नुसता. तो नसता तर हे दोघं तीस पानं आधीच भेटले असते.
बायको तिथेच भाजी चिरत होती. फोन स्पीकरवर होता. ती चिरत राहिली. तिने काहीतरी बोलायला हवं होतं.

२१ एप्रिल
बदल केले. व्यावसायिक लेखकाला मन मोठं ठेवावं लागतं.
मुलाची एकतीस कार्डं भिंतीवरून काढली. बुटांचा सीन ठेवता येतो का बघितलं, पण त्यात बाबांना थांबवणाराच मुलगा आहे. तोही गेला. आता ७१वा सीन चाळिसावा झाला.
निम्मी भिंत मोकळी झाली. बायकोने खोकं उघडून बाबांची घड्याळं परत टांगली. सहाही मावली. मग तिने बाबांना धरून त्यांच्या खोलीत नेलं. त्यांनी एकेक घड्याळ किल्ली देऊन चालू केलं आणि स्वतःच्या मनगटावरचं बघून लावलं.
मी हॉलमध्ये सोफ्यावर बसून नवा ड्राफ्ट वाचला. मुलाशिवाय. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.
कुठेही अडलं नाही.