अठ्ठ्याहत्तरचे बहात्तर

ती. मावशी,

तुझ्या दोन्ही पायांना नमस्कार (उजव्याला जरा हलक्या हाताने, तो गुडघा दुखरा आहे हे मी विसरलेलो नाही). माझ्या आयुष्याला कलाटणी मिळाली ती गेल्या मंगळवारी दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी. त्या वेळी एका मुलीने मला विचारलं, "तुम्हाला राग आलाय की भूक लागलीय?" आणि मला उत्तर देता येईना. बावीस वर्षांचा घोडा, पोटात काय चाललंय ते स्वतःला ठाऊक नाही.

तुझं पत्र पोचलं. त्यातली आनंदाची बातमीही वाचली. तिच्याविषयी अगदी शेवटी लिहितो, कारण तोवर तू कुठेतरी नीट टेकून बसलेली असावीस अशी माझी इच्छा आहे. झोप लागते का? मांजरीचा डोळा बरा झाला का? माझी तब्येत उत्तम आहे, आणि हे वाक्य मी या वेळी रिवाज म्हणून लिहीत नाहीये. ते कसं, हे सांगायलाच पत्र लिहायला बसलो आहे. (म्हणजे निम्मं त्यासाठी. उरलेलं निम्मं कशासाठी, ते कळेलच.)

तू शब्द टाकलास म्हणून काटेकाकांनी मला वजनकाटे दुरुस्तीच्या कारखान्यात ठेवून घेतलं, हे मी रोज आठवतो. कॉलेज अर्ध्यावर टाकून आलेल्या, नाकावर राग असलेल्या पोराला चिमटा-पकड हातात द्यायला छाती लागते. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला मांडणी, मांडणीवर पितळी वजनं लहानापासून मोठ्यापर्यंत शाळेच्या रांगेसारखी उभी, आणि खाली जमिनीवर जगातले सगळे आजारी काटे. काटा दुरुस्त झाला की त्यावर ही वजनं चढवून तपासायचा, आणि मगच तारेत शिशाचा मणी ओवून पकडीने त्यावर शिक्का दाबायचा. त्या शिक्क्यावर काकांची खूण आहे. तो दिसला की गावातला कुणीही पुढे प्रश्न विचारत नाही. चाळीस वर्षांत एकही काटा उलटून आलेला नाही, असं काका स्वतः कधी म्हणत नाहीत. गिऱ्हाइकं म्हणतात, आणि काका खाली बघून स्क्रू शोधतात.

आमच्या वरच्या मजल्यावर फिजिओथेरपीचं केंद्र आहे. सांधे धरलेली, आजारातून उठलेली, आणि डॉक्टरांनी "जरा हला" म्हणून पाठवलेली माणसं तिथे येतात. तो प्रश्न विचारणारी मुलगी तिथे काम करते. दीड महिन्यापूर्वी ती केंद्राचा तबकडीचा काटा कडेवर घेऊन जिना उतरली (मोठा, माणूस उभा राहतो तो). माणूस खाली उतरला तरी सुई अधेमधे अडकून राहते, अशी तक्रार होती. तपासायला मी वर उभा राहिलो. सुई अठ्ठ्याहत्तरवर गेली. तिने सुईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि वहीत काहीतरी लिहिलं. मावशी, माझं वजन एका मुलीच्या वहीत गेलं. मला त्या क्षणी जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं, आणि लगेच असंही वाटलं की ते पोट माझ्यापेक्षा सपाट असेल. (तिने लिहिली होती ती आमची बंद व्हायची वेळ. हे मला गेल्या मंगळवारी कळलं.)

काट्याचा एक भाग बाहेरून यायला तीन आठवडे लागणार होते. तेवढ्यात बहात्तरवर यायचं आणि काटा परत देताना तिच्यादेखत त्यावर उभं राहायचं, असा मी पण केला. त्यासाठी तीन ठिकाणांहून तीन पद्धती गोळा केल्या. कॉलेजातल्या जुन्या दोस्ताने सांगितलं, दुपारी बाराच्या आत काही खायचं नाही. न्हाव्याने सांगितलं, दुपारी दोननंतर काही खायचं नाही. आणि त्याच्याच दुकानातल्या मासिकात होतं की एक दिवसाआड फक्त उकडलेलं खावं, आणि तेही हिरवं. कोणती खरी ते कळेना म्हणून मी तिन्ही एकदम धरल्या. तेव्हा हिशेबाने माझ्या वाट्याला आले दुपारचे दोन तास, आणि त्यातही एक दिवसाआड दुधी. पाच दिवस मी राजासारखा वागलो. सहाव्या दिवशी संध्याकाळी बेकरीसमोरून जाताना मला काय झालं ते आठवत नाही. भानावर आलो तेव्हा हातात पावाच्या लादीचा कागद होता आणि लादी नव्हती. मग त्याची शिक्षा म्हणून पुढचे दोन दिवस नुसतं पाणी. मग पुन्हा बेकरी. असे तीन आठवडे.

रागाचं तर विचारू नकोस. पोस्टमनशी भांडलो, कारण त्याने पत्र वाकवून टाकलं. पंख्याशी भांडलो. एका फळवाल्याला मी सांगितलं की तुमचा काटा बरोबर आहे, तुमची केळीच खोटी आहेत. काकांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं, आणि मला एवढंच विचारलं की रात्री झोपतोस ना. आणि एकविसाव्या दिवशी कारखान्यातल्या सगळ्यात भरवशाच्या काट्यावर उभा राहिलो, तर सुई अठ्ठ्याहत्तरवर. एवढा छळ करूनही तसूभर हलली नव्हती.

आता जे लिहितोय ते वाचताना माझ्या लहानपणचा एखादा बरा फोटो समोर ठेव. केंद्राचा काटा दुरुस्त करून माझ्या हातात तयार होता. मी आतली तरफ किंचित सरकवली. रिकामा असताना सुई शून्यावरच, कुणाला शंका यायला नको. पण माणूस चढला की काटा दर तेरा किलोंमागे एक किलो गिळायचा. अठ्ठ्याहत्तरचे बहात्तर. त्या दिवशी काकांची दाढ ठणकत होती आणि दातांच्या डॉक्टरकडे जायची घाई होती. त्यांनी गालावर हात धरून विचारलं, "वजनं लावून बघितलीस ना?" मी म्हटलं, बघितली. "मग दाब शिक्का." मावशी, न तपासता, निव्वळ दुसऱ्याच्या शब्दावर काकांनी शिक्का दाबू दिला तो हा पहिला काटा.

ती काटा न्यायला आली. मी तिच्यादेखत सहज चढल्यासारखा चढलो. सुई बहात्तरवर. ती बघतच नव्हती. ती विचारत होती की हा वर नेऊन द्याल का, कारण तिचा हात आखडला होता. मी दोन जिने तो काटा पोटाशी धरून चढलो आणि वरच्या पायरीवर डोळ्यांपुढे काजवे चमकून खाली बसलो. तिथल्या म्हाताऱ्या मंडळींनी मला खुर्ची दिली. ज्यांना खुर्चीतून उठायला शिकवतात, त्यांनी मला बसायला शिकवलं.

पुढचा आठवडा वरच्या मजल्यावर नुसता जल्लोष. बेकरीवाल्या बाईंचे (होय, त्याच बेकरीच्या) एकशे चारचे शहाण्णव झाले, आणि त्या आनंदात त्यांनी सगळ्यांना केक वाटला. निवृत्त स्टेशनमास्तरांचे सात किलो गेले. ते जिन्यात मला थांबवून पोटाचा घेर चिमटीत धरून दाखवायचे. मीही मान डोलवायचो. खरं सांगतो, मला मजा वाटत होती. कुणाचं काय वाईट झालं, उलट माणसं खूश आहेत, असं मी मनाला समजावत होतो.

मंगळवारी दुपारी जिन्यात केंद्रात येणाऱ्या गाण्याच्या बाई बसलेल्या दिसल्या. मोठ्या आजारातून उठलेल्या, काडीसारख्या. चव्वेचाळीसच्या होत्या, आणि दोन किलो वाढावं म्हणून दीड महिना नेटाने जेवत होत्या. काट्याने त्यांना साडेबेचाळीस दाखवलं होतं. त्या रडत नव्हत्या, नुसत्या पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि म्हणाल्या, "आता आणखी काय खाऊ रे?"

मी तीन-तीन पायऱ्या गाळत वर गेलो. कबूल करायलाच गेलो होतो, पण दाराचं कडं अडकलं म्हणून दारावर ओरडलो, मग दार दुरुस्त न करणाऱ्यांवर ओरडलो, मग स्टेशनमास्तर मधे पडले म्हणून त्यांच्यावर. तेव्हा तिने तो प्रश्न विचारला. तिने मला खुर्चीत बसवलं, दोन्ही तळवे जमिनीला टेकवायला लावले, आणि म्हणाली, आधी बघा, कुठे आवळलंय? मला हसू येणार होतं. पण बघितलं तर जबडा आवळलेला, मुठी आवळलेल्या, खांदे कानांपाशी. एकेक सोडत खाली आलो तर तळाशी पोट, आणि ते बिचारं सकाळपासून मला हाका मारत होतं. तिने डब्यातलं अंडं आणि पोळी पुढे केली आणि सावकाश खायला लावली, घड्याळाकडे नाही, घासाकडे बघून. मधेच विचारलं, अजून हवंय का? मला पहिल्यांदाच उत्तर माहीत होतं. आणि मावशी, जेवण संपलं तेव्हा राग कुठेच नव्हता. नुसती लाज उरली होती, स्वच्छ, एकटी.

मग मी सगळं सांगितलं. तरफ, तेरामागे एक, शिक्का, सगळं. तिने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "बावळट आहेस तू." (तोपर्यंत मला "तुम्ही" म्हणायची. मी हे वाक्य किती वेळा आठवलं असेल ते विचारू नकोस.) तिने मलाच जिन्यात पाठवलं. मी गाण्याच्या बाईंना सांगितलं की तुमचं वजन शेहेचाळीस आहे, खोटा काटा आहे आणि तो मी केलाय. मला वाटलं त्या पर्स फेकून मारतील. त्या म्हणाल्या, "अरे, आठवडाभर मी न थांबता जिना चढतेय. रियाजाला पुन्हा दम पुरतोय. मला वाटलं, पाय खोटं बोलतायत." आणि इतक्या हसल्या की मलाच त्यांना आधार द्यावा लागला.

केंद्रातला काटा आता कपाटात भिंतीकडे तोंड करून आहे. गरज लागली तरच तो बाहेर निघणार. बाकी ती लोकांना रोज वेगळंच विचारते. झोप लागली का, किती जिने चढलात, कशाने बरं वाटलं, जेवताना कधी पुरे वाटलं. बेकरीवाल्या बाईंना खरं कळल्यावर त्या एक दिवस रुसल्या. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाल्या की आठ किलो गेले म्हणून मी नाचले होते, ते नाचता आलं हे तर खरं ना. मीही दुपारच्या सुट्टीत वर जातो. एका पायावर उभं राहण्यात स्टेशनमास्तर मला रोज हरवतात. भूक लागली की जेवतो, पुरे झालं की थांबतो, संध्याकाळी नदीकाठी चालतो, घाम येतो, झोप येते. वजन किती आहे ठाऊक नाही. काट्यांच्या कारखान्यात राहून हे सोपं नाही, पण पोस्टमन आता पत्र सरळ टाकतो. (म्हणजे कदाचित आधीही सरळच टाकत असेल.) आणि एक शोध लागला. ज्या दिवशी मी प्राचार्यांच्या टेबलावर ओळखपत्र आपटून कॉलेज सोडलं, त्या दिवशी सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं. मी ते तत्त्वासाठी सोडलं असं आजवर सगळ्यांना सांगत आलो. आईला हे कळवू नकोस.

एवढंच बाकी आहे की काकांना अजून सांगितलेलं नाही. ते गावाला गेले होते, आज परत आलेत. तिने मला एवढंच विचारलं, "तू सांगणार की मी?" मी म्हटलं, मीच. शिक्का त्यांचा आहे. काढून टाकलं तर काकांनी राहायला दिलेली ही समोरच्या माडीवरची खोलीही सोडावी लागेल आणि वरचा जिनाही. तरी सांगणार आहे.

तुझा, पोट भरलेला आणि म्हणून बऱ्यापैकी शहाणा,
भाचा

ता. क. : आता नीट टेकून बस. त्या दिवशी मी एक नाही, दोन काटे फिरवले. दुसरा तुझा, साफ करायला पाठवलेला घरचा छोटा. जिने मला काम मिळवून दिलं तिला काहीतरी द्यावंसं वाटलं. तू लिहिलंस की कोबीच्या रसाने तुझे पासष्टचे साठ झाले. मावशी, ते साठ माझे आहेत. तू पासष्टच आहेस. खरं म्हणजे हे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं: कोबी आजपासून बंद कर, आणि सगळे कपडे आवळायला शिंप्याकडे दिलेस म्हणालीस, तर हे वाचून होताच त्याच्याकडे जा.

ता. क. २ : पण त्याच पत्रात, खाली कोपऱ्यात, तू लिहिलंयस की शेजारणीबरोबर रोज चालायला जातेस आणि महिन्याभरात गुडघ्याचं नाव काढलं नाहीस. त्यात माझा हात नाही. ते तुझं तू केलंस. तेवढं मात्र शिंप्याला सांगू नकोस, त्याला ते मोजता येणार नाही.

ता. क. ३ : खाली काकांनी शटर उघडलं. पत्राची पेटी कारखान्याच्या अलीकडे आहे, म्हणून हे आधी पेटीत टाकतो. म्हणजे ऐन वेळी माझं धैर्य गळालं तरी दोन दिवसांत तुझा फोन त्यांना जाईलच, आणि मला मागे फिरता येणार नाही. हे शेवटचे शब्द उंबऱ्यात उभा राहून, कागद चौकटीला टेकवून लिहितोय. निघालो. दार ओढून घेतलं.